परगावी पॉवर स्टिअरिंगचे ऑइल गळू लागले तर

साताऱ्याहून वडिलांना खारघरच्या रुग्णालयात दाखवण्यासाठी तुम्ही दहा वर्षे जुनी सात आसनी डिझेल गाडी घेऊन आलात, नेरुळला बहिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी गाडीखाली लालसर डाग दिसला. वळवताना घुर्र आवाज येतो आणि स्टिअरिंगच्या ऑइलची पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली आहे. जवळच्या गॅरेजने गाडी न उचलताच ‘रॅक गेली, पूर्ण बदलावी लागेल’ असे सांगितले (रॅक म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा आडवा भाग), तर पेट्रोल पंपावरच्या एका माणसाने ब्रेक ऑइल टाकून निघून जाण्याचा सल्ला दिला. रविवारी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने परत जाता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. तुर्भ्याला माझे गॅरेज आहे आणि हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, स्टिअरिंगची कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की, ऑइल किती गळते यापेक्षा ते कोठून गळते हे आधी ठरले पाहिजे. ते ठरेपर्यंत रॅक बदलायला होकार देऊ नका आणि घाटही चढू नका.

ब्रेक ऑइलबद्दल आधी सांगतो, कारण ते एकदा टाकले की पुढचा सगळा सल्ला निरुपयोगी ठरतो. डॉट 3 आणि डॉट 4 ही ब्रेकची द्रव्ये ग्लायकॉलवर आधारलेली असतात, तर पॉवर स्टिअरिंगमधली सील, म्हणजे ऑइल रोखणाऱ्या रबरी कड्या, बहुधा नायट्राइल रबराची आणि खनिज तेल गृहीत धरून बनवलेली असतात. ग्लायकॉल लागल्यावर ती फुगतात आणि मऊ पडतात. आज एका पाइपातून होणारी गळती मग थोड्याच दिवसांत पंप आणि रॅक या दोन्हींतून होऊ लागते. उलटी चूक तर याहून घातक आहे. स्टिअरिंगचे ऑइल ब्रेकच्या टाकीत गेले तर ब्रेकची रबरे फुगतात, आणि तेथे प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. बॉनेटखाली या दोन्ही टाक्या दिसायला सारख्या असू शकतात, म्हणून कोणाच्याही हातात बाटली देण्याआधी झाकणावरचा मजकूर स्वतः वाचा.

कोणते ऑइल घालायचे तेही बहुतेक वेळा त्या झाकणावरच किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. आपल्याकडच्या जुन्या डिझेल गाड्यांत बहुधा एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचे डेक्स्रॉन 2 किंवा डेक्स्रॉन 3 दर्जाचे लाल ऑइल चालते आणि तुमच्या डागाचा रंग त्याच्याशी जुळतो. मात्र हा नियम सर्व गाड्यांना लावू नका. होंडाच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगला कंपनीचे वेगळे द्रव्य लागते, आणि कित्येक युरोपीय गाड्यांना हिरवे सिंथेटिक हायड्रॉलिक ऑइल लागते, ज्यात लाल ऑइल मिसळणे योग्य नाही. अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत तर स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालते आणि त्यात हे ऑइलच नसते. अशा गाडीखाली लाल डाग दिसला तर तो गिअरबॉक्सचा किंवा कूलंटचा समजून तपासावा. तुमच्या गाडीला ऑइलची टाकी आहे, त्यामुळे तो फाटा येथे सोडून देतो. खरेदी मात्र दोन लिटरची करा. त्यातले एक लिटर परतीच्या प्रवासात डिकीत राहू द्या.

आता रचना समजून घ्या, कारण पुढचा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतून ऑइल खेचतो, ते दाबाने रॅककडे पाठवतो आणि काम झालेले ऑइल पुन्हा टाकीत परत येते. म्हणजे पाइप तीन प्रकारचे झाले: टाकीतून पंपाकडे जाणारा जाड ओढीचा पाइप, पंपाकडून रॅककडे जाणारा दाबाचा पाइप आणि रॅककडून टाकीकडे येणारा परतीचा पाइप. दाबाच्या पाइपात स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर दाब साधारण 80 ते 100 बारपर्यंत चढतो. टायरमध्ये आपण जेमतेम सव्वादोन बार हवा भरतो, यावरून त्याची कल्पना यावी. परतीच्या पाइपात याच्या तुलनेत दाब नगण्य असतो. त्यामुळे क्लिप, तात्पुरता तुकडा, रस्त्याकडेची जोडाजोडी हे सगळे केवळ परतीच्या आणि ओढीच्या पाइपावर टिकते. दाबाच्या पाइपावर चिकटपट्टी, सायकलची ट्यूब, तार किंवा एम-सील यांपैकी काहीही पहिल्या यू-टर्नपलीकडे टिकत नाही, मग ते करणाऱ्याने कितीही छातीठोकपणे सांगो.

ओढीच्या पाइपाचे एक वेगळेपण आहे. तेथे चीर पडली तर ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत खेचली जाते. टाकीत फेस दिसतो, पंप कण्हतो, पण जमिनीवर फारसा डाग पडत नाही. तुमच्याकडे डागही आहे आणि पातळीही खाली गेली आहे, तेव्हा सध्याचा आवाज पातळी कमी झाल्यामुळेच असण्याची शक्यता अधिक आहे. तरीही पाइप बघताना टाकीखालची क्लिप हाताने हलवून पाहा.

गळतीची जागा शोधताना सर्वात मोठी फसगत होते ती ऑइल वाहत जाण्यामुळे. ते वरून खाली येते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते, म्हणून थेंब जेथे पडतो ती जागा गळतीची असतेच असे नाही. ओल्या भागातला सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा ओला बिंदू हाच संशयित असतो. कित्येक गाड्यांत दाबाचा पाइप रॅकच्या वरून जातो आणि त्याच्या क्रिम्पमधून, म्हणजे जेथे रबरी भाग लोखंडी नळीला दाबून बसवलेला असतो त्या कॉलरमधून, पाझरणारे ऑइल नेमके रॅकवर पडते. गाडी न उचलता, पुसून न पाहता ‘रॅक गेली’ असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, तो याच कारणाने. त्या गॅरेजवाल्याचे निदान बरोबरही निघू शकेल, पण ते निदान तपासणीवर आधारलेले नाही.

तपासणी अशी करावी. इंजिन थंड असताना पंप, पाइप आणि रॅक यांवरचा जुना चिकटा डिझेल लावलेल्या फडक्याने पुसून घ्यावा आणि मग सगळे कोरडे करावे. कोरड्या भागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरावी, एकाने आत बसून इंजिन आयडलवर ठेवून स्टिअरिंग सावकाश दोन्ही बाजूंना फिरवावे आणि दुसऱ्याने बॅटरीच्या प्रकाशात पावडर कोठे ओली होते ते पाहावे. हे करताना चालू इंजिनवर दाबाच्या पाइपावरून बोट फिरवून गळती शोधू नये. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली ऑइलची धार कातडीतून आत शिरू शकते. बाहेरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आतल्या इजेला मात्र तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा, धार असेल तर पुठ्ठ्यावर उमटते. गाडीखाली शिरायचे असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर शिरू नये, घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावावी किंवा पिट असलेले गॅरेज गाठावे. तुमच्या बहिणीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करणार असाल तर खाली पुठ्ठे अंथरा आणि सांडलेले ऑइल पाण्याने न धुता लाकडाच्या भुशाने टिपून घ्या.

रॅकची स्वतंत्र परीक्षाही सोपी आहे. रॅकच्या दोन्ही टोकांना चाकाकडे जाणाऱ्या टाय रॉडवर घड्यांचे रबरी बूट असतात. इंजिन बंद करून ते खालच्या बाजूने दाबून पाहावेत. आत ऑइल डचमळत असेल, किंवा बारीक क्लिप सैल केल्यावर आतून ऑइल आले, तर रॅकचे सील गेले आहे. बूट आतून कोरडे असतील तर रॅकच्या टोकांची सील शाबूत आहेत. रॅकची आणखी एक जागा म्हणजे स्टिअरिंगचा दांडा जेथे तिच्यात शिरतो ते वरचे सील; तेही पावडरच्या परीक्षेत दिसते. पंपाचे सील गेले असेल तर पंपाच्या पुलीमागे ओल दिसते आणि पट्ट्यावर ऑइल उडाल्यामुळे तो ओरडू लागतो.

जागा सापडल्यावर दुरुस्तीचे गणित बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा हलके निघते. पंपाला पाइप बँजो बोल्टने, म्हणजे ज्याच्या आतून ऑइल जाते अशा पोकळ बोल्टने, जोडलेला असेल आणि ओल तेथेच असेल, तर तांब्याचे दोन वॉशर बदलून काम संपते. मात्र जुने वॉशर उलटे करून पुन्हा बसवू देऊ नका. परतीचा पाइप क्लिपपाशी तडकला असेल आणि त्याला थोडी सैल लांबी असेल, तर तडकलेला इंचभर भाग कापून, पाइप पुन्हा चढवून, स्क्रूची नवी होज क्लिप बसवावी. लांबी पुरत नसेल तर त्याच आतल्या व्यासाचा ऑइलला टिकणारा पाइप घालावा. रेडिएटरचा पाण्याचा पाइप तेथे घालू नये, कारण त्याचे रबर पाणी आणि कूलंटसाठी असते आणि तेलात ते फुगून क्लिपमधून निसटते. घाईत हा प्रकार फार वेळा होतो.

दाबाचा पाइप फुटला असेल तर तुम्ही योग्य ठिकाणी अडकला आहात, असेच मी म्हणेन. तुर्भे, पावणे, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या प्रेसना आणि जेसीबीसारख्या यंत्रांना हायड्रॉलिक पाइप लागतात, त्यामुळे ते बनवून देणारी दुकाने या भागात आहेत. कळंबोलीला ट्रकच्या कामामुळे आणि ठाण्यात वागळे इस्टेटकडेही ती सापडतात. कंपनीचा मूळ पाइप त्याच दिवशी मिळाला तर अर्थातच तोच घ्यावा. न मिळाल्यास जुना पाइप काढून या दुकानात न्यावा. तो कारागीर दोन्ही टोकांच्या मूळ लोखंडी नळ्या ठेवतो, त्यांना नवे फिटिंग ब्रेझ करतो (पितळी झाळ देऊन जोडतो) आणि मधला भाग तारेच्या जाळीच्या पाइपाने बदलून मशीनवर क्रिम्प करून देतो. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: पाइप पॉवर स्टिअरिंगचा आहे, लांबी आणि टोकांचा एकमेकांशी असलेला कोन जुन्याइतकाच हवा, आणि देण्याआधी दाबाची चाचणी करून हवी.

असा पाइप घरी पोहोचवतो, याबद्दल मला शंका नाही, पण तो कायमचा मानू नये. मूळ पाइपाचे रबर पंपाचे ठोके गिळण्यासाठी थोडे प्रसरण पावेल असे मुद्दाम बनवलेले असते. यंत्राचा पाइप ताठ असतो, म्हणून तो लावल्यावर स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर किंवा गुणगुण जाणवू शकते. शिवाय आर 1 आणि आर 2 प्रतीच्या, म्हणजे तारेची एक किंवा दोन जाळ्या असलेल्या, साध्या हायड्रॉलिक पाइपांची तापमानमर्यादा साधारण 100 अंश सेल्सिअस असते, आणि घाटात इंजिनजवळची उष्णता ती सहज ओलांडू शकते. त्यामुळे तो एक्झॉस्ट किंवा टर्बोपासून दूर बांधला आहे, पट्ट्याला आणि पंख्याला घासत नाही, हे गाडी बाहेर काढण्याआधी स्वतः वाकून पाहावे.

पंपाचे किंवा रॅकचे सील गेले असेल तर माझा सल्ला उलटा आहे. ते काम परक्या गावात, आजारी वडील आणि परतीची घाई सोबत असताना करू नये. रॅक उतरवून सील किट घालायचे म्हणजे आतला दांडा खड्डे पडलेला आहे का ते पाहणे आले, तो खराब असेल तर केवळ सील बदलून गळती पुन्हा सुरू होते, आणि शेवटी व्हील अलाइनमेंट करावेच लागते. शिवाय काम बिघडले तर तक्रार घेऊन पुन्हा साताऱ्याहून नेरुळला येणार कोण? सील सहसा एकदम फुटत नाही, पाझरत राहते, आणि पाझर मोजता येत असेल तर ऑइल भरत भरत घरी जाणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. गळती थांबवणाऱ्या बाटल्या बाजारात मिळतात. त्या रबर फुगवून सीलची गळती काही काळ कमी करतात, फुटलेल्या पाइपाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. मी स्वतः त्या वापरत नाही.

ऑइल भरत जायचे याचा अर्थ मात्र टाकी कोरडी पडू द्यायची नाही असा आहे. पंपाच्या आतल्या पात्यांना वंगण मिळते ते याच ऑइलचे. कोरडा पंप काही मिनिटांत घासू लागतो, त्याची धातूची चुरी रॅकमध्ये जाते आणि पाइपाच्या खर्चात भागणारे काम पंप, पाइप आणि रॅक या तिघांवर येते. ‘ऑइल संपले तर संपले, स्टिअरिंग जड होईल एवढेच’ असे म्हणणारे चालक अर्धेच खरे सांगतात. स्टिअरिंगचा चाकांशी यांत्रिक जोड कायम असतो, त्यामुळे ते जड झाले तरी गाडी वळते, हे खरे आहे. पण पंप जाम झाला तर पट्टा तुटतो किंवा उडतो, आणि तोच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवत असेल तर इंजिन तापते. कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलके करणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. अशा गाडीत पट्टा गेला की स्टिअरिंगपाठोपाठ ब्रेकही जड होतात, आणि ते घाटात झाले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पट्ट्याची रचना आजच पाहून ठेवा. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाला स्वतंत्र पट्टा असेल तर गरज पडल्यास तो काढून, जड स्टिअरिंगने पण बाकी सर्व यंत्रणा शाबूत ठेवून, जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. एकच लांब पट्टा सर्व पुलींवरून जात असेल तर हा पर्याय नाही. टाकी भरलेली ठेवणे किंवा गाडी फ्लॅटबेडवर (गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर) घालणे एवढेच उरते. विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतले आहे का, आणि त्यात गाडी किती अंतरापर्यंत नेतात, हेही निघण्याआधी वाचून ठेवा.

दुरुस्तीनंतर हवा काढण्याचे काम नीट व्हायला हवे, कारण अर्धवट काढलेल्या हवेचा आवाज ऐकून लोक पंप खराब झाला असे समजतात. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा सावकाश फिरवावे आणि पातळी उतरेल तसे ऑइल घालत जावे. मग इंजिन आयडलवर ठेवून तेच करावे. टोकाला स्टिअरिंग चार-पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये, तेथे दाब सर्वात जास्त असतो. ऑइल दुधाळ दिसत असेल तर गाडी तासभर शांत ठेवून बुडबुडे वर येऊ द्यावेत.

आता रविवारच्या प्रवासाकडे येतो. काम शनिवारी उरका आणि त्याच दिवशी नेरुळहून कळंबोलीपर्यंत जाऊन परत या. निघताना पातळी वरच्या खुणेवर आणा, परतल्यावर पूर्वीइतकेच थंड होऊ देऊन पाहा, आणि खुणा केलेल्या बाटलीने भरून किती मिलिलिटर गेले ते लिहून ठेवा. पाइप बदलला असेल तर उत्तर शून्य यायला हवे. पुन्हा ओल दिसली तर दुकानात परत जा. सीलचा पाझर असेल तर 100 किलोमीटरला पाव लिटरच्या आत बसणारी गळती घेऊन मी गाडी साताऱ्याला नेईन, त्याहून जास्त असेल तर नेणार नाही. थेंब एक्झॉस्टवर पडून जळका वास किंवा धूर येत असेल तर गळती कितीही कमी असली तरी नेणार नाही, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर हे ऑइल पेट घेऊ शकते.

द्रुतगती मार्गावर तुम्हाला हवे तेथे थांबता येत नाही, म्हणून थांबे आधीच ठरवा. मार्ग कळंबोलीला सुरू होतो. पहिली तपासणी त्याआधी, दुसरी खालापूरच्या फूड मॉलवर, घाट चढण्यापूर्वी. तेथे पातळी अपेक्षेहून खाली असेल तर घाट चढू नका. खोपोलीकडे बाहेर पडा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गॅरेज मिळतात. घाट पार झाल्यावर लोणावळ्याला, मग पुणे ओलांडल्यावर आणि खंबाटकी घाटाआधी, अशा तपासण्या पुरेत. गरम टाकीचे झाकण उघडण्याआधी इंजिन बंद करा आणि झाकणाच्या पट्टीवर गरम आणि थंड अशा वेगळ्या खुणा असतील तर गरम बाजू वाचा.

चालवताना स्टिअरिंग अचानक जड झाले तर ते दोन्ही हातांनी घट्ट धरून, वेग हळूहळू कमी करत डावीकडे यावे. उभ्या गाडीत जोर लावून ते फिरवण्यापेक्षा गाडी थोडी सरकत असताना फिरवणे कितीतरी सोपे जाते. पंप वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याचा विचारही करू नये, त्याने ब्रेकचा बूस्टर जातो आणि काही गाड्यांत स्टिअरिंगला कुलूप लागते. गळत्या सीलने जात असाल तर प्रवास दिवसाउजेडी करा, गाडी चालवू शकणारा दुसरा धट्टाकट्टा माणूस सोबत घ्या आणि वडिलांना शक्य झाल्यास बस किंवा रेल्वेने पाठवा. पुढच्या टायरमधली हवा पुस्तिकेप्रमाणे असू द्या; हवा कमी असली की स्टिअरिंग आणखी जड होते.

दुकानात बनवलेला पाइप लावला असेल तर साताऱ्याला पोहोचल्यावर चासी क्रमांक देऊन मूळ दाबाचा पाइप मागवा आणि तो बसवताना परतीचा पाइप बाटलीत सोडून जुने ऑइल पूर्ण बदलून घ्या. निघालेल्या ऑइलमध्ये चमकणारी चुरी दिसली तर पंप उघडावा लागेल. नुसतेच काळपट असेल तर टाकीतली जाळी साफ करून किंवा टाकी बदलून भागेल. गळलेल्या ऑइलने माखलेले लोअर आर्मचे बुश आणि टाय रॉडचे बूट साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या, कारण साधे रबर खनिज तेलात फुगते. रॅकचेच सील गेले असल्याचे सिद्ध झाले तर सील किट घालणाऱ्याला उतरवलेला दांडा समोर दाखवायला सांगा आणि तो गुळगुळीत असेल तरच किटला होकार द्या.